नाही आला ताप

सुई अजून ट्रेमध्येच होती. तिचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं. तरी शेजारच्या खुर्चीतला तो सहा फुटी माणूस आधी पांढराफटक पडला, मग "सिस्टर, मला जरा…" एवढंच म्हणाला आणि सरळ धाकटीच्या अंगावर आडवा झाला.

धाकटीच्या डाव्या हाताला सलाइनची नळी होती आणि उजव्या हातात चहाचा कप. नळी वाचली, कप वाचला नाही. सगळा चहा त्या माणसाच्या शर्टावर, त्याचा चष्मा तिच्या मांडीवर आणि त्याचं डोकं तिच्या खांद्यावर. अख्खा वॉर्ड माना वळवून बघायला लागला.

"सिस्टर," धाकटी म्हणाली, "हे माझे नव्हेत. उचला."

सिस्टरनी त्याला उचललं, पाणी पाजलं, खुर्ची मागे रेलवून पाय वर केले. त्याने डोळे उघडले तेव्हा धाकटी त्याचा चष्मा ओढणीच्या टोकाने पुसत होती.

"घाबरलात?" तिने विचारलं.

"छे… सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून."

"मघाशी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवलात. मी बघत होते."

"बघत होतात?"

धाकटीने चष्मा त्याच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, जणू तिथल्या पार्किंगमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं. बाहेर बारीक अवकाळी पाऊस भुरभुरत होता. काचेवरून थेंब घसरत होते.

"मी रोज खांबावर चढतो," तो पुटपुटला. "भर रस्त्यात. खाली गाड्या, वर वायरी. तिथे कधी काही होत नाही."

"खांबावर सुया नसतील."

तो हसला. हसताना त्याचा चेहरा एकदम शाळकरी दिसायचा, हे धाकटीने त्याच दिवशी टिपलं. "हा शर्ट गरम पाण्यात टाकू नका," ती म्हणाली, "डाग पक्का बसेल. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, म्हणून सांगते. नाहीतर तुम्ही काय वाट्टेल ते करा."

धाकटी हे काही तिचं खरं नाव नाही. पण घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तेहतिशी आली तरी धाकटी. आणि आई-वडील गेल्यावर दादा-वहिनींच्या संसारात तर ती जास्तच धाकटी झाली. दुकानात दादा मशीन बघायचा, वहिनी गल्ल्यावर बसायची आणि डाग काढायचं काम धाकटीचं. शाई, गंज, लिपस्टिक, वंगण… कापड आणि डाग बघून कुठलं औषध लावायचं ते ती क्षणात सांगायची. स्वतःच्या अंगात एक डाग वाढतोय, ते मात्र तिला कळलं नव्हतं. पाठीत दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली आणि डॉक्टरांचा चेहराच बदलला. उजव्या मूत्रपिंडात गाठ. कॅन्सर.

मूत्रपिंड काढलं. गाठ निघाली. "सगळं निघालं," असं सर्जन म्हणाले आणि पाठोपाठ म्हणाले, "पण परत येऊ शकतो." त्या 'पण'ने धाकटीची झोप उडवली. कुठे दुखलं की तिच्या छातीत धस्स व्हायचं. शिंक आली तरी धस्स.

म्हणून ती या प्रयोगात दाखल झाली होती. काढलेली गाठ फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवायची, त्या गाठीच्या पेशींच्या खाणाखुणा शोधायच्या आणि त्यावरून त्या एकाच माणसासाठी लस तयार करायची. चोराचा फोटो पोलिसांच्या हातात द्यायचा, तसं. पुन्हा कुठे दिसला की धरा. शिवाय अंगातली फौज जागी ठेवणारं एक औषध सगळ्यांना सलाइनमधून मिळायचं. ते खरंच असायचं. लसीचं मात्र तसं नव्हतं. निम्म्या लोकांना खरी लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे पेशंटला माहीत नसे, सिस्टरला माहीत नसे आणि डॉक्टर मॅडमनाही नसे. लस खरंच काम करते का, ते त्याशिवाय कळायचं कसं? सही करताना धाकटीला ते पटलं होतं. खुर्चीत बसल्यावर पटेनासं झालं.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती : 'कृपया आपापसांत त्रासाची तुलना करू नये.' आणि पाटीच्या बरोबर खाली बसणारे, पोस्टातून रिटायर झालेले काका दिवसभर तेच करायचे.

"सोपं आहे," काका सगळ्यांना सांगायचे. "सुई घेतल्यावर संध्याकाळी ताप आला, दंड सुजला, की समजायचं, माल खरा. काहीच झालं नाही की समजायचं, मीठ-पाणी." स्वतः काकांना सणसणीत ताप यायचा. त्यामुळे त्यांचा या शास्त्रावर फार विश्वास होता.

दर तीन आठवड्यांनी वारी ठरलेली. खुर्च्याही ठरलेल्या. दुसऱ्या वेळी धाकटी आली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता आणि त्याच्या मांडीवर एक पिशवी होती.

"शेजारीणबाई," तो म्हणाला, "शर्ट आणलाय. डाग बसला."

"गरम पाण्यात टाकलात."

"आईने टाकला. मी सांगेपर्यंत…"

"आईवर ढकलू नका. द्या इकडे."

असं ते सुरू झालं. तो रस्त्यावरच्या सिग्नलचं काम बघायचा. कुठल्या चौकात लाल दिवा किती वेळ, हिरवा किती, हे ठरवायचं, बिघडला की जाऊन दुरुस्त करायचं. धाकटीला हे कळल्यावर तिने त्याला फैलावर घेतलं.

"आमच्या दुकानासमोरचा सिग्नल तुमचा?"

"असेल."

"चालणाऱ्यांना रस्ता ओलांडायला वेळच देत नाही तो. वहिनी पिशव्या घेऊन पळते, पळता पळता तुम्हाला शिव्या घालते."

"काय शिव्या घालतात?"

"तुमच्याशी एवढी ओळख झालेली नाही अजून."

"मग वाढवायला हवी…" असं म्हणून तो गडबडला, चष्मा काढून पुसायला लागला आणि एवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आल्याने पुन्हा पांढरा पडला. धाकटीने त्याच्यापुढे स्वतःचा हात धरला. "इकडे बघा," ती म्हणाली, "सुईकडे नाही, माझ्याकडे." तो तिच्याकडे बघत राहिला. सुई टोचून झाली, सिस्टर निघून गेल्या, कापूस टोपलीत पडला, तरी बघत राहिला.

"झालं," धाकटी म्हणाली.

"हो का?"

पुढच्या आठवड्यात दुकानासमोरचा सिग्नल पादचाऱ्यांसाठी जरा जास्त वेळ थांबायला लागला. वहिनी म्हणाली, सरकारला अक्कल आली. त्या दिवशी धाकटीने एका कोटावरचा डाग काढताना गुणगुणायला सुरुवात केली आणि वहिनीने दादाकडे बघून भुवई उडवली.

पहिल्या सुईनंतर त्या दोघांनाही काही झालं नव्हतं. दुसऱ्या सुईच्या संध्याकाळी धाकटी भांडी लावत होती आणि तिला एकदम थंडी वाजली. दात वाजायला लागले. दंड हाताला गरम लागत होता, चांगला लालभडक. थर्मामीटर लावला. ताप!

ती स्वयंपाकघरात चक्क नाचली. दोन घोंगड्या पांघरून, दात वाजवत नाचली. खरी लस. आपल्याला खरी लस मिळाली. कितीतरी महिन्यांनी तिला वाटलं, की आपण म्हातारी होऊ. केस पिकतील, गुडघे दुखतील, पोरीबाळींवर खेकसू. किती छान.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच होता.

"शेजारीणबाई… सहज केला. आला का काही ताप-बिप?"

आणि त्याच्या आवाजात असं काही होतं, की धाकटी जिथल्या तिथे थांबली. तो विचारत नव्हता. तो घाबरला होता. त्याला ताप आला नव्हता. त्याची गाठ तिच्याहून मोठी होती, शिरेत शिरलेली होती, हे त्याने एकदा हसत हसत सांगितलं होतं. सांगताना डोळे हसत नव्हते. आता आपण 'हो' म्हटलं, तर काकांच्या हिशोबाने त्याच्या वाट्याला काय उरलं?

"नाही," धाकटी म्हणाली. "नाही आला ताप. तुम्हाला?"

"नाही."

"मग झालं तर. दोघंही मीठ-पाणी."

पलीकडून एक लांब श्वास सुटलेला तिला ऐकू आला. "तुमचा आवाज थरथरतोय," तो म्हणाला.

"थंड पाण्याने आंघोळ केली."

"आत्ता, संध्याकाळी?"

"तुम्ही कोण विचारणारे?" ती म्हणाली आणि फोन ठेवून रडली. आनंदाने रडली की भीतीने, ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढंच कळलं, की आता तिला स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती त्याहून जास्त त्याच्या जिवाची वाटत होती, आणि ही गोष्ट साधीसुधी नाही.

खोटं बोलायचं एक वाईट असतं. एकदा 'नाही' म्हटलं की पुढच्या वेळी 'हो' म्हणायची सोय राहत नाही. सिस्टर दर खेपेला दोन खुर्च्यांच्या मध्ये उभ्या राहून मोठ्या आवाजात विचारायच्या, "ताप? थंडी? डोकेदुखी? उलटी?" आणि तो शेजारी कान देऊन बसलेला असायचा. धाकटी चार वेळा 'नाही' म्हणायची. सिस्टर दुसऱ्या दिवशी फोनवर विचारायच्या, तेव्हाही 'नाही'. कारण सिस्टरच्या पोटात काही राहत नसे, वॉर्डातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. उन्हं तापायला लागली तरी धाकटी लांब बाह्यांचे कपडे घालायची. सुजलेला दंड वहिनीलाही दिसू द्यायची नाही.

आणि बाकी सगळं इतकं गोड चाललं होतं! तो दुकानात कपडे टाकायला यायला लागला. स्वच्छ धुतलेले कपडे. "यात डाग कुठे आहे?" दादा विचारायचा. "असेल कुठेतरी," तो म्हणायचा, "नीट बघायला सांगा त्यांना." वहिनी गल्ल्यावर बसून खोकायची. एकदा तो धाकटीला त्याच्या कंट्रोल रूममध्ये घेऊन गेला. भिंतभर पडदे आणि प्रत्येक पडद्यावर एक चौक. त्याने एक बटण दाबलं आणि कुठल्यातरी दूरच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या, एक म्हातारं जोडपं हात धरून सावकाश पलीकडे गेलं.

"ते बघ," तो म्हणाला. 'बघा' नाही, 'बघ'. दोघांनाही ते ऐकू आलं. दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.

"आपण…" तो म्हणाला आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. सांगेन कधीतरी."

धाकटीला माहीत होतं काय ते. तिने विचारलं नाही. कारण त्याच्याकडे बघताना आताशा तिच्या मनात एकच यायचं : याच्या अंगात पहारा नाही. चोर आला तर याला कोण उठवणार? आणि तो हसला की तिला जास्तच भीती वाटायची.

चौथ्या सुईनंतरचा ताप उतरलाच नाही. म्हणजे, उतरायचा, पुन्हा चढायचा. डोकं ठणकायचं. अन्नावरची वासना गेली. जिना चढताना पायांत गोळे यायचे. खरी लस आहे, एवढं होणारच, असं तिने स्वतःला समजावलं. वहिनीला सांगितलं, उन्हाचा त्रास. सिस्टरना फोनवर सांगितलं, काही नाही. त्याला सांगितलं, दुकानात काम फार आहे.

एका दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असताना समोरचा पांढरा सदरा अचानक राखाडी झाला, मग काळा. वहिनीची किंकाळी तिने ऐकली, तीही लांबून.

शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर मॅडम पलंगाशी उभ्या होत्या. मॅडम कधी चिडत नसत. आज चिडल्या होत्या.

"डोक्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "तिला सूज आलीय. सलाइनमधलं औषध अंगातली फौज जागी करतं, आणि कधी कधी ती घरच्यांवरच उठते. म्हणून तर आम्ही सारखं विचारतो, ताप आहे का, डोकं दुखतं का. बीपी इतकं खाली गेलं होतं, की तुम्हाला आणायला अजून थोडा उशीर झाला असता तर…" त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. "किती आठवडे होतंय हे?"

धाकटीने सांगितलं. सगळं सांगितलं. वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"आता रोज गोळी घ्यावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक आयुष्यभर. आणि लपवलंत का एवढं?"

धाकटीने दाराकडे बघितलं. दारात तो उभा होता. हेल्मेट हातात, कामावरचं केशरी जाकीट अंगात, बुटांना चिखल. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. मॅडमनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि त्यांना उत्तर मिळालं असावं.

"काकांचं शास्त्र, ना?" त्या थकून म्हणाल्या. "अहो, खरी लस मिळूनही ताप न येणारे असतात. मिठाच्या पाण्यानेही कुणाला ताप येतो, नुसत्या धास्तीने. आणि तुम्हाला आलेला ताप लसीचा की या सुजेचा, तेसुद्धा मी आज सांगू शकत नाही. कुणाला काय मिळालं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. ताप म्हणजे पुरावा नव्हे."

मॅडम गेल्या. वहिनी म्हणाली, "मी चहा घेऊन येते," आणि जाताना दार ओढून घेतलं. वहिनीला चहाची तलफ कधी लागावी, हे बरोबर कळायचं.

तो स्टूल ओढून बसला.

"माझ्यासाठी खोटं बोलत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"मला माहीत होतं."

धाकटीने उशीवरून डोकं उचललं. "काय?"

"पहिल्याच फोनपासून. दात वाजत होते तुझे. मग त्या लांब बाह्या. कप डाव्या हाताने धरायचीस." तो हातातलं हेल्मेट गोल गोल फिरवत होता. "आणि मी गप्प बसलो. पहिला आठवडा तर… खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. रागच आला तुझा. हिला मिळालं, मला नाही. मग वाटलं, ही माझ्यासाठी एवढं खोटं बोलतेय, आणि ते मला इतकं आवडलं, की ते थांबूच नये असं वाटायला लागलं. मी एक शब्द सिस्टरच्या कानावर घातला असता तर तू आज इथे नसतीस. दारात उभं राहून मी मॅडमचं ते अर्धं वाक्य ऐकलं. ते माझ्या कानांतून जात नाहीये."

त्याचा आवाज फुटला. सुईला घाबरून बेशुद्ध पडणारा माणूस, पण धाकटीने त्याला रडताना पहिल्यांदाच बघितलं.

"मी नाचले होते," ती म्हणाली.

"काय?"

"ताप आला तेव्हा. स्वयंपाकघरात, घोंगडी पांघरून. तुझा फोन येईपर्यंत तू माझ्या मनातसुद्धा नव्हतास. एवढी काही मी थोर नाही. तेव्हा फार रडू नकोस."

तो रडता रडता हसला. तिने हात पुढे केला आणि त्याने तो दोन्ही हातांत धरला, अगदी हलका, जणू दाबला तर काही सांडेल.

"आजपासून," धाकटी म्हणाली, "तू मला खरं सांगायचं, मी तुला खरं सांगायचं. कितीही वाईट असो."

"कबूल."

"मग सांग. त्या दिवशी पडद्यांसमोर काय म्हणणार होतास?"

त्याने मान खाली घातली. "आता नाही. पुढच्या महिन्यात माझा स्कॅन आहे. स्वच्छ आला, की त्याच दिवशी विचारतो. नाही आला, तर विचारणार नाही. हेही खरंच सांगतोय."

तो महिना धाकटीने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. सलाइन आणि सुया मॅडमनी तूर्त थांबवल्या होत्या. गोळ्यांनी अंगात ताकद आली, जेवण जायला लागलं, दुकानात उभी राहायला लागली. पण मन कशातच नव्हतं. कपड्यावर औषध टाकायची आणि धुवायचं विसरायची. एका गिऱ्हाइकाची पँट तिने दुसऱ्याला दिली. तो रोज संध्याकाळी यायचा, दोघं दुकानाच्या पायरीवर बसायची आणि रोज खरं बोलायची. "आज भीती वाटली?" "सकाळी. दाढी करताना." "मला दुपारी." सांगितल्याने भीती कमी व्हायची असं नाही. पण दोघांत वाटून घेतली जायची.

निकालाच्या दिवशी तो म्हणाला, मी एकटा आत जातो. धाकटी म्हणाली, जाऊन दाखव. दोघं आत गेली.

मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं. राखाडी, काळं, पांढरं. त्यांनी पेनाच्या टोकाने एका जागी दाखवलं.

"फुफ्फुसात एक ठिपका आहे. कणीएवढा. आधीच्या स्कॅनमध्ये नव्हता."

त्याने पडद्याजवळ मान नेली.

"म्हणजे…" तो म्हणाला.

"म्हणजे अजून काहीच नाही. मध्ये झालेल्या एखाद्या जंतुसंसर्गाचा व्रण असू शकतो. फौज जागी झाली की असे ठिपके उमटतात, तसंही असू शकतं. किंवा आपल्याला नको आहे ते. इतक्या लहान ठिपक्यावरून कुणीच सांगू शकणार नाही. औषध चालू ठेवू. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन." मॅडम जरा थांबल्या. "वाढला नसेल तर मी स्वतः तुमच्याकडे पेढे मागेन. वाढला असेल तर पुढचे उपाय आहेत. पण आज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये एक बाक होता. दोघं त्यावर बसली. समोरून स्ट्रेचर गेलं, एक बाई मोठ्याने फोनवर बोलत गेली, लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. कणीएवढा. इतकी लहान गोष्ट, आणि तिच्यामागे सगळं आयुष्य दडून बसलेलं.

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. समोरच्या भिंतीकडे बघत. "वहिनी वाट बघत असतील."

"तुम्ही?" धाकटी म्हणाली. "मला तुम्ही म्हणतोस? म्हणजे आता मला लांब ढकलायचं ठरवलंस तर."

त्याने हातातलं रिपोर्टचं पाकीट उलटसुलट केलं.

"बोल. खरं बोलायचं ठरलंय."

"घाबरलोय," तो म्हणाला. अगदी हळू. "सुईला घाबरतो तसं नाही. हे वेगळंच आहे. आणि स्वतःसाठी तेवढा नाही… तू माझ्या उशाशी बसलीयस, असं दिसतं मला. तुझं स्वतःचंच कमी आहे का? तुला तो त्रास का द्यायचा मी?"

"तू काय देणार? मी घेऊन बसलेय कधीची."

"तीन महिने थांबू. ठिपका गेला, की विचारतो. शपथ."

"आणि नाही गेला तर?"

तो बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिला.

धाकटी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला सुनावतानाचा होता. "हे बघ. तीन महिन्यांनी ठिपका गेला, तर मी हो म्हणणार आहे. राहिला, तरी हो म्हणणार आहे. वाढला, तर रडत रडत हो म्हणीन, पण हो म्हणीन. उत्तर तिन्हीकडे तेच आहे. मग मधले तीन महिने मी का म्हणून फुकट घालवायचे? माझ्याकडे काय पोत्याने पडलेत? माझाही स्कॅन आहे सावकारासारखा दारात उभा. उद्या माझ्याच फुफ्फुसात कणी निघाली, तर तू मला सोडणार आहेस का?"

"वेडी आहेस का?"

"मग?"

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "माझ्याशी लग्न करशील?" तो म्हणाला. "मला भीती वाटतेय आणि मला तू हवी आहेस. दोन्ही खरं आहे."

"करीन. मलाही भीती वाटतेय. फार वाटतेय."

त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. या वेळी शुद्धीत, आणि बराच वेळ. आजूबाजूने माणसं जात होती. कुणी बघितलं, कुणी नाही. धाकटीने एका हाताने त्याचे केस कुरवाळले आणि दुसऱ्या हाताने फोन काढून घरी लावला. डोळ्यांतलं पाणी गालांवर येत होतं, ते पुसायला तिसरा हात नव्हता.

पहिल्याच रिंगला वहिनीने उचलला. सकाळपासून फोन हातात धरूनच बसली असणार.

"वहिनी," धाकटी म्हणाली. पुढचे शब्द हसण्यात आणि हुंदक्यात अडकले.

"अगं बोल ना," वहिनीचा जीव टांगणीला लागला होता. "हसतेयस का तू? रिपोर्ट चांगला आला का?"

"नाही. रिपोर्टचं अजून काही खरं नाही," धाकटी म्हणाली. "पण माझं लग्न ठरलंय."